क्षमेच्या आधी बोलायचे सत्य

दौलताबादच्या किल्ल्यात जनार्दनस्वामींचे स्थान आहे. निजामशाहीच्या काळात ते या किल्ल्याचा कारभार पाहत आणि पैठणचे एकनाथ त्यांच्यापाशी इथेच शिकले. नाथांची एक कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. गोदावरीहून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस थुंकतो, नाथ न रागावता पुन्हा नदीवर जातात. असे कितीतरी वेळा घडते आणि अखेर तो माणूसच त्यांचे पाय धरतो. नाथांनी 1599मध्ये देह ठेवला. त्याआधी वीस वर्षे, 1579मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात उतरला होता. त्याचे सुमारे 11,000 ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये छापून निघाले. येशूची क्षमा मराठीत आली ती नाथांच्याच छंदातून. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनच या दोन्ही वाटा आपल्या वाटतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय हा या शिकवणीचा गाभा. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असे पेत्र विचारतो. येशूचे उत्तर सातावर थांबत नाही, ते सत्तर गुणिले सातापर्यंत जाते. मग तो दोन कर्जांचा दृष्टान्त सांगतो. राजाने चाकराचे माफ केलेले कर्ज सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. त्याच चाकराने आपल्या सोबत्याला शंभर दिवसांच्या मजुरीसाठी तुरुंगात टाकले. स्वतःला काय माफ झाले आहे हे विसरणारा माणूस निष्ठुर होतो, असा त्याचा आशय.

प्रवचनांत हा दृष्टान्त नेहमी येतो, पण त्याच अध्यायातल्या आधीच्या ओळी सहसा मागे राहतात. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून त्याची चूक सांगावी. ऐकले नाही तर साक्षीदार न्यावेत. तरीही नाही तर मंडळीसमोर मांडावे. म्हणजे क्षमेची वाट सत्य बोलण्यापासून सुरू होते. ‘जाऊ दे, झाले ते झाले’ असे म्हणून दुखावलेल्याचे तोंड बंद करणे येशूने कुठेच शिकवलेले नाही.

कुंकळ्ळीचा इतिहास वाचताना हे मला जास्त कळले. गोव्यातल्या सालसेत भागात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांचे देह मिळवण्याच्या कामात स्टीफन्स स्वतः होता. पुढे सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. एकच जण नदीत उडी टाकून वाचला, असे सांगतात. त्या पाच जेझुइटांना चर्चने 1893मध्ये धन्य घोषित केले. गावच्या प्रमुखांचे स्मारक मात्र अगदी अलीकडे उभे राहिले. क्षमेचा उपदेश करणाऱ्यांच्या छायेत हे घडले, हे ख्रिस्ती माणसाने मान खाली घालून वाचायला हवे. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या पूर्वपापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, तेव्हा या शिकवणीचा अवघड अर्धा भाग पुढे आला: बलवानाने क्षमा मागायची असते.

मराठी घरातले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि 1900मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा लहरीपणा आणि आपले हाल मोकळेपणाने मांडले. तरी त्या पुस्तकात कडवटपणा नाही. सगळे बोलून झाल्यावर उरलेले प्रेम आहे ते.

सर्वांत जड कसोटी मध्य प्रदेशातली. उदयनगर भागात गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी समुंदर सिंहने बसमध्ये हत्या केली. 2002मध्ये त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी विनंती केली. 2006मध्ये तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी गेला. इथे गुन्ह्यावर पांघरूण कोणी घातले नाही. खटला झाला, शिक्षा झाली, अपराध्याने अपराध कबूल केला. क्षमा त्याच्याही पुढे गेली.

मला गवसलेला अर्थ एवढाच. क्षमा करणे हा दुखावलेल्याचा अधिकार आहे. ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही. आपल्याकडे बांधावरून भाऊ कोर्टाच्या तारखा करतात, भाऊबीजेला बहीण माहेरी येत नाही, आणि वडीलधारे ‘मिटवून टाका’ म्हणतात. मिटवण्याआधी ऐकायला हवे. ज्याने घेतले, त्याने आधी काय घेतले ते सांगावे आणि परत करावे. ज्याचे गेले, त्याला पूर्ण बोलू द्यावे आणि त्याच्या क्षमेची घाई करू नये. आणि ज्याचे गेले तो मीच असेन, तर सत्तर गुणिले सात हा आकडा माझ्यासाठी आहे. दुसऱ्याला ऐकवण्यासाठी नाही.