पार्सल आलंय, पण पावणेनऊ हजार भरायचेत!

‘पोरी, पार्सल आलंय तुझं. पण पावणेनऊ हजार भरायचेत.’

पोस्टमनकाकांचं हे वाक्य ऐकून माझ्या किहीमच्या मैत्रिणीला आधी वाटलं, काका गंमत करतायत. ती अलिबागला टी.वाय.ला आहे आणि पक्ष्यांची वेडी आहे. सलीम अली बर्लिनहून शिकून परतले, नोकरी गेलेली, आणि १९३० मध्ये ते किहीमच्या घरी येऊन राहिले. इथेच त्यांनी सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला. हे ती कुणालाही, न विचारता, सांगते. तिला चांगली दुर्बीण हवी होती. गावातल्या एका होमस्टेमध्ये चादरी बदलत आणि पाहुण्यांना पोहे वाढत तिने वीस हजार जमवले. जर्मनीतल्या एका साइटवर हवं ते मॉडेल अठरा हजारांत दिसलं, पाठवणावळ दोन हजार. म्हणजे बरोब्बर वीस. तिने ऑर्डर टाकून दिली.

आयात शुल्क ग्राहकाने भरायचं, ही ओळ साइटवर होती. बारीक अक्षरात, खाली, पण होती. हसू नका. तुम्ही ‘टर्म्स अँड कंडिशन्स’ शेवटच्या कधी वाचल्या होत्या?

आता हा आकडा येतो कुठून ते बघा, कारण सगळे जण इथेच चुकतात. आपण वस्तूची किंमत धरतो. कस्टम्स धरतं किंमत, अधिक पाठवणावळ, अधिक विमा. या बेरजेवर आधी मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे करावर कर. हिशेबापुरतं धरू की पाठवणावळीसकट वस्तू दहा हजारांची आहे, सीमाशुल्क २० टक्के, त्यावर अधिभार १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के. सीमाशुल्क दोन हजार, अधिभार दोनशे, झाले १२,२००. त्यावर १८ टक्के म्हणजे २,१९६. एकूण कर ४,३९६. वीस अधिक अठरा अडतीस असं मनात धरून बसलेल्या माणसाला चव्वेचाळीस टक्के भरावे लागतात. बँकेचा फॉरेक्स मार्कअप वेगळाच. खासगी कुरिअर असेल, तर तुमच्या वतीने कर भरल्याची फी आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी! प्रत्यक्षातले दर अर्थसंकल्पात आणि जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत बदलत राहतात. त्यामुळे सीनियरने सांगितलेल्या टक्क्यांवर जाऊ नका, ऑर्डर टाकायच्या दिवशी सीबीआयसीच्या साइटवरचा दर बघा.

‘अमेरिकेतल्या दादाला गिफ्ट म्हणून पाठवायला सांगू’ हा पुढचा विचार तुमच्याही डोक्यात आला असणार. तो दरवाजा १२ डिसेंबर २०१९ ला बंद झाला. गिफ्ट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने करमुक्त वस्तू मागवता येत नाही. अपवाद दोनच: जीवनरक्षक औषधं आणि राखी. हो, राखी! पण राखीसोबत पाठवलेली भेटवस्तू नाही, हेही सरकारने त्याच अधिसूचनेत लिहून ठेवलंय. कुणीतरी अधिकारी फार बारकाईने विचार करत बसला असणार. पूर्ण कर भरून गिफ्ट मागवता येतंच, पण मग त्यात गिफ्ट काय राहिलं? आणि विक्रेता ‘पावतीवर दहाच डॉलर लिहितो’ म्हणाला, तर नको म्हणा. जाहीर केलेली किंमत कस्टम्स नाकारू शकतं, माल जप्त होऊ शकतो आणि वर दंड.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात कर नव्हता. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याला अमेरिकेचं बुकिंग काही आठवडे थांबवावं लागलं होतं.

मग करायचं काय? ‘पे’ दाबण्याआधी कर किमतीत धरलाय का ते बघा. काही साइट्स तो आधीच घेतात. अशा पर्यायाला डीडीपी म्हणतात. किंमत जरा जास्त दिसते, पण नंतर दारात धक्का बसत नाही. ड्रोन मागवणार असाल तर थांबाच, परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. पार्सल आल्यावर आकडा फारच वाटला, तर करआकारणीची चिठ्ठी नीट वाचा. वस्तूची किंमतच चुकीची धरली असेल, तर बिल आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून लेखी तक्रार करा. पोस्टमनशी वाद घालू नका, तो आकडा त्याने ठरवलेला नसतो. पार्सल नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. पण नाकारण्याआधी विक्रेत्याला मेल करून विचारा, पैसे परत देणार का, आणि किती कापून.

आणि एक. ‘तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा’ असा मेसेज आला, तर लिंक उघडू नका. ट्रॅकिंग नंबर स्वतः टाइप करून टपाल खात्याच्या किंवा कुरिअरच्या साइटवर बघा. कस्टम्स अधिकारी कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. फसलातच, तर लगेच १९३० ला फोन करा. सायबर हेल्पलाइनचा नंबर आणि सलीम अलींचं किहीमचं साल एकच आहे, त्यामुळे आमच्या मैत्रिणीच्या तो पक्का लक्षात आहे.

तिचं काय झालं? पार्सल काही दिवस पोस्टात ठेवतात. तेवढ्यात तिने जर्मनीला मेल केला. उत्तर आलं: परत पाठवलंत तर जायची-यायची पाठवणावळ कापून पैसे देऊ. आईकडून पाच हजार उसने, बाकीचे कॉलेजच्या ट्रिपसाठी ठेवलेले. ट्रिप रद्द झाली, दुर्बीण घरी आली.

पुढच्या महिन्यात ती मांडव्याहून लाँचने मुंबईला गेली. बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवन आहे, परदेशी टपाल जिथे तपासलं जातं ते. ती इमारत तिला बघायची होती, का कुणास ठाऊक. तिथून चालत बोरा बाजारात गेली. कॅमेऱ्यांच्या एका दुकानात तेच मॉडेल काचेआड ठेवलेलं. भारतातली वॉरंटी, पक्कं बिल, साडेसव्वीस हजार.

‘मॅडम, घेताय का?’ दुकानदाराने विचारलं. तिने दुर्बिणीची लेन्स पुसायचं कापड घेतलं, ऐंशी रुपयांचं, आणि परतीची लाँच पकडली.