घोडा कुणाचा, ते आधी विचारा

सारंगखेड्याची यात्रा भरली की खानदेशात घोड्याशिवाय दुसरा विषय नसतो. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि तापीकाठच्या घोडेबाजारात शिरायचं. तिथले जाणकार पंचकल्याण घोड्याचे चारही पांढरे पाय पाहतात, कपाळावरचा पट्टा पाहतात, अंगावरचे भोवरे शोधतात. जिवंत घोड्याची एवढी पारख करणारे आपण चित्रातला घोडा दिसला की मात्र ‘वेग, शक्ती, भरभराट’ म्हणून मोकळे होतो. धुळे-जळगावच्या दुकानांत गल्ल्यामागे टांगलेले सात पांढरे घोडे याच समजुतीवर धावताहेत.

सातपुडा आणि नर्मदा ओलांडून अलीराजपूर, छोटा उदेपूरकडे गेलं की ही समजूत गळून पडते. तिथे राठवा, भिल, भिलाला घरांत नवस फेडायला भिंतीवर पिठोरा लिहितात. भिंत आधी पांढऱ्या मातीने सारवतात. रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात. मग घोड्यांच्या रांगा उमटतात. ही पिठोरा देवाच्या लग्नाची वरात. कित्येक घोड्यांवर स्वारच नाही. पण ते रिकामे नाहीत, प्रत्येक घोडा कुठल्या ना कुठल्या देवाचा आहे. हुक्का ओढणारा बाबा गणेश, राणी काजल, स्वतः पिठोरा, सगळ्यांची जागा ठरलेली.

सगळ्यात मोलाची गोष्ट पुढेच आहे. चित्र काढतो लखारा, पण त्याचा अर्थ लावतो बडवा, म्हणजे तिथला भगत. अंगात वारं आल्यावर तो एकेक आकृती ओळखतो. काही राहून गेलं असेल तर लखाऱ्याला ते तिथल्या तिथे काढावं लागतं. आपल्या कलासमीक्षकांना हा अधिकार कधी मिळाला नाही, आणि ते बरंच आहे! पण निदान चित्र नीट पाहण्याची ही शिस्त तरी त्यांनी घ्यावी.

कारण दर घोड्याची कथा वेगळी. जळगावहून तास-दीड तासावर अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातला पांढरा घोडा राक्षसिणींच्या बेटावरून सिंहल नावाच्या व्यापाऱ्याला सोडवतो. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या घोड्यांमागे मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा आहे. या सगळ्यांना ‘वेगाचं प्रतीक’ म्हणणं हा शुद्ध आळस.

हल्ली पिठोऱ्याचे घोडे रिसॉर्टच्या भिंतींवर आणि साड्यांच्या पदरांवर दिसतात. विकत घ्याल तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा: यातला गणेशाचा घोडा कुठला? सांगता आलं तर पिठोरा म्हणून घ्या. नाही तर नक्षी म्हणून, नक्षीच्याच भावाने.