एक कळ, दोन कामे: ‘वैध’चे ‘अवैध’ कसे होते?

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातील प्रेस कॉम्प्लेक्समध्ये अनेक दैनिकांची कार्यालये आहेत. तेथे काय किंवा पणजीत काय, पान लावणाऱ्याच्या हाताखालचा कीबोर्ड दुहेरी काम करतो. त्यावर देवनागरी मजकूर टंकित होतो आणि सॉफ्टवेअरला आज्ञाही त्यावरूनच दिल्या जातात. घोटाळा होतो तो याच ठिकाणी.

‘इनडिझाइन’मध्ये ‘व्ही’ ही कळ दाबली की निवडीचे साधन हाती येते. मात्र कर्सर मजकुरात असेल, तर तीच कळ अक्षर उमटवते. इनस्क्रिप्ट मांडणीत ते ‘न’ असते, तर टंकयंत्राच्या काळापासून चालत आलेल्या रेमिंग्टन मांडणीत ‘अ’. मध्य प्रदेश शासनाच्या ‘सीपीसीटी’ या संगणक प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी या दोन्ही पद्धती चालतात. त्यामुळे दोन्हींना सरावलेले हात तेथे आढळतात. कर्सर नेमका ‘वैध’ या शब्दाआधी राहिला असेल, तर ‘बांधकाम वैध’ या मथळ्याचे क्षणात ‘बांधकाम अवैध’ होते. शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणीत ही चूक सापडत नाही.

एकाच कळीने प्रसंगानुसार वेगळे काम करावे, याला अमेरिकी संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांचा आयुष्यभर विरोध होता. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘कट-कॉपी-पेस्ट’ची पद्धत रुजवणाऱ्यांपैकी ते एक. कंट्रोलसह दाबायच्या शॉर्टकटला हा धोका नसतो. एकाक्षरी शॉर्टकटला तो कायम असतो.

यावर उपाय सोपे आहेत. मजकुरातून बाहेर पडायचे असल्यास आधी ‘एस्केप’ दाबावी. त्याने निवडीचे साधन आपोआप हाती येते. चौकट थोडीशीच सरकवायची असेल, तर कंट्रोल दाबून धरावी. तेवढ्यापुरते ते साधन मिळते.

कायमची सोय हवी असल्यास ‘एडिट’ मेनूतील ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ उघडावे. मूळ संचाला हात न लावता ‘न्यू सेट’ने नवा संच तयार करावा. हवी ती आज्ञा निवडून कंट्रोल किंवा ऑल्ट यांच्या जोडीने कळ ठरवावी. नुसते अक्षर देऊ नये. ती कळ आधीच दुसऱ्या आज्ञेकडे असल्यास खिडकीत तसे दिसते. ‘शो सेट’ने निघणारी यादी छापून संगणकाशेजारी लावावी, पाळी बदलल्यावर त्याच जागी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही ती उपयोगी पडते.

एवढे करूनही, पान छपाईला सोडण्यापूर्वी प्रत्येक मथळा मूळ बातमीशी ताडून पाहावा. ‘वैध’ आणि ‘अवैध’ यांतला फरक सॉफ्टवेअरला कळत नाही.