मॉनिटरवरील रिझोल्यूशनचे दावे कसे वाचावेत?

संगणकाचा मॉनिटर खरेदी करताना खोक्यावर, दुकानातील फलकावर आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला तपशील म्हणजे रिझोल्यूशन. फुल एचडी, टू-के, क्यूएचडी, फोर-के, अल्ट्रा एचडी अशी नावांची रांगच ग्राहकासमोर असते. यांतील काही नावांना निश्चित अर्थ आहे, काहींना नाही. काही वेळा तर ते नाव पडद्याचे नसतेच, पडद्याकडे येणाऱ्या संकेताचे असते. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा बंगळुरूचा एस. पी. रोड, या नावांवर विसंबून हजारो रुपयांचा निर्णय अवघ्या काही मिनिटांत घेतला जातो.

पडद्यावर आडव्या आणि उभ्या दिशेने प्रत्यक्ष किती चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, बसविलेले आहेत, एवढाच रिझोल्यूशनचा खरा अर्थ. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये असे ठरलेले बिंदू नसत. तोच पडदा ८०० × ६०० आणि १०२४ × ७६८ अशी दोन्ही मापे सारख्याच सहजतेने दाखवीत असे. त्या काळी ग्राहकाची फसगत व्हायची ती आकाराबाबत. १७ इंचांच्या मॉनिटरची दिसणारी बाजू प्रत्यक्षात १६ इंचांच्या आसपास असे, कारण नळीचा काही भाग चौकटीआड जाई. एलसीडी पडदे आले आणि आकाराचा हा घोळ मिटला, पण बिंदूंची संख्या कारखान्यातच कायमची ठरू लागली. या संख्येला ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ म्हणतात. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: या पडद्याचे नेटिव्ह रिझोल्यूशन किती?

हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो ‘फोर-के सपोर्टेड’ या शब्दप्रयोगामुळे. ‘सपोर्टेड’ याचा अर्थ इतकाच की, ३८४० × २१६० मापाचे चित्र आत घेण्याची त्या उपकरणाची तयारी आहे. आत घेतलेले चित्र ते आपल्याजवळ असलेल्या बिंदूंत आटवून दाखविते. पडदा १९२० × १०८० चा असेल, तर आलेल्या सुमारे ८३ लाख बिंदूंच्या माहितीतून सुमारे २१ लाख बिंदूच दिसतील. स्वस्त प्रोजेक्टरच्या जाहिरातींत हा प्रकार सर्रास आढळतो. अनोळखी नाममुद्रेचा पडदा अगदी कमी किमतीत ‘फोर-के’ म्हणून समोर आल्यास तीच शंका घ्यावी. ‘एचडी रेडी’ हेदेखील असेच एक फसवे नाव. २००५ मध्ये युरोपातील उद्योग संघटनेने ते ठरविले तेव्हा किमान ७२० ओळींची अट होती. आजही १३६६ × ७६८ चे दूरचित्रवाणी संच या नावाने विकले जातात आणि अनेक जण ते संगणकालाही जोडतात. चित्रपट पाहण्यास ते चालतील. तक्ते व पत्रे वाचण्यास नाही.

नावांची गुंतागुंत सर्वाधिक आहे ती ‘टू-के’मध्ये. डिजिटल चित्रपटगृहांच्या मानकात टू-के म्हणजे २०४८ × १०८०, अर्थात फुल एचडीहून किंचित अधिक. मॉनिटरच्या बाजारात मात्र हेच नाव २५६० × १४४० ला, म्हणजे क्यूएचडीला दिले जाते, आणि काही वेळा २५६० × १०८० च्या रुंद पडद्यालाही. फोर-केचेही तसेच: चित्रपटगृहात ४०९६ × २१६०, घरी ३८४० × २१६०. हा दुसरा फरक किरकोळ असल्याने त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पहिला फरक मात्र पैशांचा आहे. त्यामुळे नाव बाजूला ठेवून गुणाकाराच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंचे आकडे पाहावेत.

आकडे खरे असले तरी प्रश्न संपत नाही, कारण तेच बिंदू मोठ्या पडद्यावर विरळ होतात. फुल एचडीचा २४ इंची पडदा इंचामागे सुमारे ९२ बिंदू देतो. हेच रिझोल्यूशन २७ इंची पडद्यावर घेतले तर इंचामागे ८२ बिंदू उरतात, आणि ३२ इंचांवर जेमतेम ६९. अधिक पैसे देऊन मोठा पडदा घेतला आणि अक्षरे पूर्वीपेक्षा ओबडधोबड झाली, असा अनुभव येतो तो यामुळेच. २७ इंचांवर क्यूएचडी घेतल्यास ही घनता १०९ होते, आणि फोर-के घेतल्यास १६३.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी या आकड्यांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. रोमन लिपीतील अक्षर लहान आकारातही सहसा ओळखता येते. आपल्याकडे मात्र त्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावरील मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार एवढे सारे बसवावे लागते. सोळा बिंदूंच्या उंचीत ‘र्कै’ किंवा ‘ष्ट्रीं’ लिहिले, तर अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा बिंदू येतो. घनता अपुरी असली की ‘मी’ आणि ‘मीं’ यांतला फरक डोळ्यांऐवजी अंदाजाने करावा लागतो. मुद्रितशोधन, अनुवाद वा कार्यालयीन टंकलेखन दिवसभर करणाऱ्यासाठी ९० च्या खालची घनता टाळलेली बरी, असे आमचे मत आहे. खेळ व चित्रपट हाच मुख्य उपयोग असेल, तर इतका काटेकोरपणा आवश्यक नाही.

फोर-के घेणाऱ्याने आपला संगणक आणि जोडणीची वायर यांचीही चौकशी करावी. एचडीएमआय १.४ ची जोडणी फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते. माउसची हालचाल अडखळल्यासारखी भासते. ६० वेळांसाठी एचडीएमआय २.० अथवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो.

दावा खरा की खोटा, हे दुकानातच तपासता येते. दाव्यातील मापाएवढेच, एक बिंदू जाडीच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे चित्र तयार करून पेन ड्राइव्हवर न्यावे. संगणकाचे रिझोल्यूशन त्या मापावर ठेवून ते पूर्ण पडद्यावर उघडावे. बिंदू खरोखर तेवढे असतील, तर जवळून पाहता प्रत्येक पट्टी वेगळी दिसते. नसतील, तर करडा पडदा किंवा लहरींची नक्षी दिसते. केवळ संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘३८४० × २१६०’ दिसले म्हणून समाधान मानू नये, कारण ती माहिती मॉनिटरनेच संगणकाला कळविलेली असते. दूरचित्रवाणी संच मॉनिटर म्हणून घ्यायचा असल्यास निळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरेही पाहावीत. काही संच रंगांची माहिती कमी करून दाखवितात आणि तेथे अक्षरांच्या कडा पसरतात.

खोक्यावरील भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहून अनेकांना हायसे वाटते. तो अवश्य पाहावा. मात्र ही नोंदणी विद्युत सुरक्षिततेशी संबंधित आहे, रिझोल्यूशनच्या दाव्याशी नाही. दाव्यासाठी आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईसाठी या कायद्यान्वये २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ऑनलाइन खरेदीसाठी त्याच वर्षी लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये वस्तूत नसल्यास ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्यासाठी खरेदीच्या दिवशीच जाहिरातीच्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि दुकानातून घेताना पावतीवर नेटिव्ह रिझोल्यूशन आकड्यांत लिहून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.