घरचा ससा : दुखण्याआधीची काळजी



या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, खोडकीड, खोडव्याची निगा असंच लिहीत आलो. आज सशावर लिहितोय, त्याला कारण घडलं.

एका वस्तीवर लागणीची नोंद घ्यायला गेलो होतो. पडवीत पांढरा ससा अंग चोरून बसलेला. सभासदांची धाकटी मुलगी म्हणाली, "काका, हा कालपासून काही खात नाही." मी वहीतून मान वर न काढता म्हणालो, "खाईल गं उद्या." दोन दिवसांनी गेलो, तर खुराडा रिकामा. मग पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं ते मांडतो.

१) खाद्य : सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आणि आतडं चालू राहायला चोथा लागतो. म्हणून वाळलेलं गवत दिवसरात्र पुढ्यात असावं. उसात आपण जिचा नायनाट करतो ती हरळी सशाला उत्तम. पण तणनाशक किंवा औषध मारलेल्या बांधावरचं गवत मुळीच आणू नका. लसूणघास मोठ्या सशाला बेतानंच. भाकरी, चपाती, बिस्किट नको. आणि आपल्या घरात मुबलक असतो म्हणून गूळ तर नकोच. त्या पोरीनं मायेनं गूळ-भाकरीच चारली होती.

२) पाणी व ऊन : ताजं पाणी कायम हवं. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. उन्हाळ्यात खुराडा पत्र्याखाली ठेवू नका. सावलीत, वाऱ्याला ठेवून एका बाजूला ओलं पोतं सोडा.

३) स्वच्छता : लेंड्या व ओला पाला रोज काढा. घाणीतून पिल्लांना हगवणीचा रोग होतो, मागच्या अंगाला माश्या बसून अळ्या पडतात. नुसत्या जाळीवर पाय सोलतात, म्हणून बसायला फळी द्या.

४) हाताळणी : कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. लाथ झाडताना कणा मोडू शकतो.

५) औषध : कान, नाक, पंजावर खपल्या दिसल्या तर खरूज समजून डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याचं गोचिडाचं औषध किंवा घरातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मनानं देऊ नका. फिप्रोनिल सशाला घातक आहे, तोंडावाटे दिलेलं अमोक्सिसिलिनही.

सर्वांत मोठी खूण म्हणजे खाणं आणि लेंड्या. अर्धा दिवस दोन्ही बंद असले तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाता जाता तोडणीबद्दल. फडात रानसशाचं पिल्लू एकटं दिसलं तर घरी आणू नका. आई त्याला एकटंच ठेवते आणि पाजायला येते. कोयत्याखाली येणार असेल तर उचलून जवळच्या बांधावर आडोशाला ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा पाळायला बंदी आहे.

त्या वस्तीवर आता दुसरा ससा आलाय. मी गेलो की पोरगी आधी मला लेंड्या दाखवते, मग मी लागणीची वही उघडतो.

— ऊस विकास अधिकारी