कावळ्याला दिलेला शब्द: ‘काकस्पर्श’ समजून घेताना

ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललेलंच आहे, थोडं साफसूफ केलंय.

आजचा सिनेमा आहे ‘काकस्पर्श’. २०१२ सालचा, महेश मांजरेकरांचा, उषा दातार यांच्या कथेवरचा. आधीच सांगून ठेवतो, यातलं मुख्य रहस्य मी फोडणार आहे. शेवटचा प्रसंग मात्र सांगणार नाही, तो तुम्हीच बघा.

पण सुरुवात सिनेमापासून नाही, पवनारपासून करतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या आजोबांचं दहावं धाम नदीच्या काठावर झालं. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. कावळे झाडावर बसलेले, पण खाली एकही येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मग मोठे बाबा, म्हणजे माझे मोठे काका, पुढे गेले, हात जोडले आणि हळूच काहीतरी पुटपुटले. थोड्या वेळानं कावळा आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आम्ही घरी जेवायला गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेलेल्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवला की त्याची इच्छा पूर्ण झाली, असं मानतात. नाही शिवला तर काहीतरी अडकलंय. मग जिवंत नातेवाईक अंदाज बांधत एकेक वचन देत जातात. ‘मुलीचं लग्न लावून देऊ.’ ‘भावाशी भांडणार नाही.’ कावळा येईपर्यंत.

‘काकस्पर्श’ हे नाव इथून आलंय. आणि अख्खा सिनेमा अशा एका पुटपुटण्यावर उभा आहे.

गोष्ट कोकणातली, १९३० नंतरची. आपल्याकडे १९३६ ला गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, साधारण तोच काळ. दामल्यांच्या घरातला मोठा भाऊ हरी, म्हणजे सचिन खेडेकर. धाकट्या भावाचं लग्न लहान वयाच्या उमाशी होतं आणि संसार सुरू होण्याआधीच तो जातो. त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. हरी पुढे होतो, काहीतरी बोलतो, कावळा शिवतो. काय बोलला ते आपल्याला ऐकू येत नाही.

त्यानंतर हरी जे वागतो ते बघा. गाव म्हणतं, विधवेचं केशवपन करा. हरी ठाम नाही म्हणतो. इथे थोडा इतिहास सांगतो, कारण आज आपल्याला हे फार साधं वाटतं. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्यानं परवानगी होती. केशवपन करा असं सांगणारा इंग्रजांचा कुठलाच कायदा नव्हता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी तर विधवांचे केस कापणारच नाही असं जाहीर केलं होतं. तरी प्रथा चालू राहिली, कारण ती गावाच्या धाकावर चालायची. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्याच मुरुडमध्ये, कोकणातच, त्यांच्यावर बहिष्कार पडला. वाळीत टाकणं म्हणजे तुमच्याकडे कोणी जेवणार नाही आणि तुम्हाला कोणी बोलावणार नाही. लहान गावात माणूस त्यानंच मोडतो.

म्हणजे हरी हिरो आहे, बरोबर? मीही कॉलेजमध्ये पहिल्यांदा बघितला तेव्हा हेच म्हणालो होतो.

पण गुंता पुढे आहे. उमा मोठी होते (लहानपणी केतकी माटेगावकर, मोठेपणी प्रिया बापट). हरीची बायको तारा, म्हणजे मेधा मांजरेकर, आजारी असते आणि पुढे जाते. घर उमाच चालवते, मुलं तिच्याच अंगाखांद्यावर वाढतात. हरी आणि उमा यांच्यात काहीतरी आहे, हे दोघांना कळतं, आपल्यालाही कळतं. मधली माणसं गेली, हरी सुधारकी विचारांचा आहे, मग अडचण काय? तरी तो तिच्यापासून लांब राहतो, कधी कधी कठोर वागतो. उमाला वाटतं, याला माझा तिटकारा आहे.

वरवर बघितलं तर त्रिकोण आहे हरी, तारा आणि उमा यांचा. खरा त्रिकोण दुसराच आहे: हरी, उमा आणि मेलेला भाऊ. कारण त्या दिवशी हरीनं भावाला शब्द दिला होता की उमाला दुसरा कुठलाही पुरुष स्पर्श करणार नाही. त्या ‘दुसऱ्या पुरुषा’त तो स्वतःही आला.

आता सिनेमाच्या दिसण्याबद्दल. हिरवंगार कोकण, कंदिलाचा उजेड, नऊवारी, जुनं घर. लोक म्हणतात, काय सुंदर शूट केलंय! पण त्या घराची रचना लक्षात घ्या. अशा घरात ओटी-पडवी पुरुषांची, माजघर आणि स्वयंपाकघर बायकांचं, आणि मध्ये उंबरठा. एकाच छताखाली दोन माणसं वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांच्यामध्ये कायम एक दार असतं. घर जितकं देखणं दिसतं, तितकं ते उमाला घट्ट धरून ठेवतं.

आणि त्या वचनाचं वाक्य आपल्यापासून लपवलंय, म्हणजे आपणही उमाच्याच जागी बसतो. तिच्या आयुष्याचा निर्णय झालाय आणि तो तिला माहीत नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी कोडमध्ये एक अट घालून ठेवली, कुठे लिहिली नाही, आणि बाकीचे वर्षानुवर्षं विचार करतायत की हे असं का चालतंय.

मागच्या दिवाळीत हा सिनेमा मी आजीसोबत पुन्हा बघितला. आणि तिथे माझं मत बदललं.

पवनारला मोठे बाबा काय पुटपुटले होते, ते आम्हाला नंतर कळलं: ‘शेत विकणार नाही.’ सेलूकडे आमची चार एकर जमीन आहे, कापूस-तुरीची. आजोबांनंतर सातबाऱ्यावर मुलांसोबत आजीचंही नाव लागलं, कायद्यानं तो तिचा हक्कच आहे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. तिचं म्हणणं होतं, एक एकर विका आणि ऑपरेशन करा. मोठे बाबा म्हणायचे, बाबांना शब्द दिलाय. मी म्हटलं पैसे मी देतो. तर ती म्हणाली, माझी जमीन असताना तुझ्या पगारावर कायले?

सिनेमात हरी तो शब्द उमाला सांगतो, तो प्रसंग आला. मी डोळे पुसत होतो. आजीनं चष्मा काढला, मोठ्या बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, “कावळ्याले इचारलं. मले कोणी इचारलं का?”

खोलीत कोणी काही बोललं नाही.

मोठे बाबा वाईट नाहीत, मंडळी. हरीही नाही. दोघांनी मेलेल्या माणसाच्या प्रेमापोटीच शब्द दिला, आणि हरीनं तर त्याची किंमत स्वतःही मोजली. पण शब्द ज्यांच्या जिवावर पाळायचा होता, त्या दोघी बायका जिवंत होत्या, तिथेच घरात होत्या. हरी गावाशी भांडला, पण उमाला विचारायचं त्यालाही सुचलं नाही. म्हणून आता मला हा फक्त अपूर्ण प्रेमाचा सिनेमा वाटत नाही.

आमच्याकडे काय झालं? अजून काही ठरलेलं नाही. पण मागच्या आठवड्यात मोठे बाबा आजीला गाडीवर बसवून तलाठ्याकडे घेऊन गेले होते. पहिल्यांदाच.

सिनेमा बघा, जमलं तर घरातल्या आजीसोबत, आणि ती काय म्हणते ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!