अडलेले काम आणि लोकायुक्त

वडील वारल्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली नाही, तर पीककर्ज मिळणे कठीण होते व अनुदानही अडते. भूम किंवा परांडा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास पेरणीच्या तोंडावर असा विलंब परवडत नाही. अशा वेळी दाद कोठे मागावी, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक असावयास हवे.

प्रशासनाविरुद्धची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची प्रथा स्वीडनमध्ये १८०९ साली सुरू झाली. महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्त कायदा केला व १९७२ मध्ये ही संस्था प्रत्यक्ष सुरू केली. असे करणारे हे देशातील पहिले राज्य होय.

त्या कायद्याने तक्रारींचे दोन प्रकार मानले. विलंबामुळे किंवा अन्याय्य कारभारामुळे झालेला त्रास हे गाऱ्हाणे. लाचलुचपत किंवा अधिकाराचा दुरुपयोग हा आरोप. गाऱ्हाण्यासाठी बारा महिन्यांची, तर आरोपासाठी तीन वर्षांची मुदत ठरविली. चौकशीत संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे मागवावयाचे, कागद तपासावयाचे आणि अन्याय आढळल्यास वरिष्ठांकडे शिफारस करावयाची, अशी रीत आहे. शिफारशीवर समाधानकारक कार्यवाही न झाल्यास विशेष अहवाल राज्यपालांकडे जातो व तो विधिमंडळापुढे ठेवला जातो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जमीन कोणाची, हा वाद महसुली अपिलाचा किंवा न्यायालयाचा विषय आहे. अर्ज विनाकारण का पडून राहिला, हे मात्र गाऱ्हाणे होऊ शकते.

प्रथम जवळचा मार्ग चोखाळावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास त्याच खात्यातील वरिष्ठांकडे अपील करता येते. विधिमंडळाने २०२३ साली लोकायुक्तांविषयी नवे विधेयक संमत केले. म्हणून तक्रार धाडण्यापूर्वी चालू नियम विचारून घ्यावेत. तक्रार टपालाने मुंबईस पाठविता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढील सवय लावावी: अर्ज लेखी द्यावा, तारखेसह पोच घ्यावी, प्रत जपून ठेवावी. तोंडी विनवणीचा पुरावा उरत नाही. पोचपावती मात्र शेवटच्या पायरीपर्यंत साथ देते.